ईटीएफची निवड : आधी निर्देशांक, मग फंड, शेवटी भाव

एक्सचेंज ट्रेडेड फंड, म्हणजेच ईटीएफ, हा शेअरप्रमाणे बाजारात खरेदी-विक्री होणारा म्युच्युअल फंड आहे, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. भारतात बेंचमार्क म्युच्युअल फंडाने २००१ च्या डिसेंबरात निफ्टी बीज हा पहिला ईटीएफ आणला. फंडघराची मालकी तीनदा बदलली, तरी आज तोच फंड निप्पॉन इंडियाच्या नावाने चालू आहे. तेव्हा पर्याय एकच होता. आता ब्रोकरच्या ॲपवर शोध घेतला की निफ्टी, सोने, चांदी, बँका, आयटी, मोमेंटम, नॅसडॅक, सरकारी रोखे अशी लांबलचक यादी समोर येते. पुष्कळ जण त्या यादीत मागील वर्षाच्या परताव्याचा रकाना उतरत्या क्रमाने लावतात आणि वरचे दोन-तीन फंड उचलतात. वीस-पंचवीस वर्षांच्या बचतीसाठी निवड करण्याची ही सर्वांत वाईट रीत आहे, कारण त्या रकान्यातून मागच्या वर्षी कोणत्या क्षेत्राची हवा होती यापलीकडे काहीही कळत नाही.

निवड तीन टप्प्यांत करावी : कोणता निर्देशांक (निफ्टीसारखा, ठराविक शेअरांच्या भावांवरून काढलेला आकडा) घ्यायचा, त्या निर्देशांकावरील कोणता फंड घ्यायचा आणि तो कोणत्या भावाने घ्यायचा. पहिल्या दोन प्रश्नांवर भरपूर चर्चा होते. तिसऱ्याकडे नवखा गुंतवणूकदार ढुंकूनही पाहत नाही, आणि त्याचे पैसे बहुतेक वेळा तिथेच गळतात. म्हणून या लेखात त्या टप्प्याला अधिक जागा दिली आहे.

पैसे कोणत्या खात्यात राहतील?

भारतात निवृत्तीसाठी जी खाती आहेत, त्यांत आपल्या पसंतीचा ईटीएफ आपल्याला ठेवता येत नाही. पीपीएफवर सरकारने जाहीर केलेले व्याज मिळते. एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत, शेअर, कंपनी रोखे आणि सरकारी रोखे यांचे प्रमाण आपण ठरवू शकतो, पण प्रत्यक्ष खरेदी पेन्शन फंडाचे व्यवस्थापक करतात. नोकरदारांच्या भविष्य निर्वाह निधीची गोष्ट थोडी निराळी आहे. या निधीची संघटना २०१५ च्या ऑगस्टपासून नव्याने जमा होणाऱ्या रकमेचा काही भाग ईटीएफमध्ये गुंतवते. आरंभी हा भाग ५ टक्के होता आणि २०१७ मध्ये तो १५ टक्क्यांवर नेण्यात आला. म्हणजे ज्यांच्या पगारातून पीएफ कापला जातो, त्यांचा थोडा पैसा त्यांच्या नकळत ईटीएफमध्ये जातच असतो. मात्र बाजार वर गेला म्हणून त्यांच्या पासबुकातील आकडा त्या दिवशी वाढत नाही, कारण खात्यावर जमा होते ते वर्षाचे जाहीर व्याज.

याचा व्यवहारी अर्थ असा की निवृत्तीसाठी ईटीएफ घ्यायचे असतील, तर ते साध्या डीमॅट खात्यातच ठेवावे लागतात आणि त्यावर निवृत्ती खात्याची कोणतीही खास करसवलत मिळत नाही. त्यामुळे आधी आपत्कालीन खर्चाची तजवीज करावी, आरोग्य विमा घ्यावा, पीएफ आणि पीपीएफचे आपले ठरलेले हप्ते भरावेत आणि त्यानंतर जी रक्कम किमान दहा वर्षे लागणार नाही तीच ईटीएफकडे वळवावी. मुलीच्या लग्नासाठी चार वर्षांनी लागणारी रक्कम इथे आणू नये. निफ्टी २००८ मध्ये जानेवारीतील उच्चांकापासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे ६० टक्के कोसळला होता, आणि २०२० मध्ये जानेवारी ते २३ मार्च या अवघ्या दोन महिन्यांत सुमारे ३८ टक्के. दोन्ही वेळा बाजार सावरला खरा, पण तो कधी सावरेल हे लग्नाची तारीख पाहून ठरत नाही.

डीमॅट खाते उघडताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, वार्षिक शुल्क. एका व्यक्तीच्या नावावर एकच डीमॅट असेल आणि त्यातील मालमत्ता ४ लाख रुपयांपर्यंत असेल, तर ‘बेसिक सर्व्हिसेस’ प्रकारच्या खात्यावर वार्षिक देखभाल शुल्क लागत नाही, आणि त्यापुढे १० लाखांपर्यंत ते वर्षाला १०० रुपये असते. दुसरी, खरेदीवरील दलाली. ब्रोकर प्रत्येक ऑर्डरमागे किमान २० रुपये घेत असेल आणि आपण महिन्याला १,००० रुपयांचे युनिट घेत असू, तर पहिल्याच दिवशी २ टक्के गेले. अशा वेळी दर महिन्याऐवजी तिमाहीला एकदा खरेदी करावी, किंवा डिलिव्हरीच्या व्यवहारावर दलाली न घेणारा ब्रोकर शोधावा.

परदेशात राहणाऱ्या, विशेषतः अमेरिकेत कर भरणाऱ्या मराठी कुटुंबांनी मात्र इथेच थांबावे. अमेरिकी करकायद्यात भारतीय म्युच्युअल फंड आणि ईटीएफ हे ‘पीएफआयसी’ या जाचक वर्गात मोडतात आणि त्यांचे विवरण वेगळ्या अर्जात द्यावे लागते. तिथल्या निवृत्ती खात्यांत तिथलेच फंड सहज घेता येत असताना हा उपद्व्याप कशासाठी?

निर्देशांक निवडणे

ईटीएफचा व्यवस्थापक शेअर निवडत नाही, तो निर्देशांकाची नक्कल करतो. म्हणून निर्देशांक निवडला की मोठा निर्णय तिथेच झाला. निवृत्तीच्या बचतीचा गाभा व्यापक निर्देशांकाचाच असावा : निफ्टी ५०, सेन्सेक्स किंवा निफ्टी ५००. निफ्टी ५० मध्येही आपण पन्नास कंपन्यांत सारखी रक्कम टाकत नसतो, हे ध्यानात असू द्यावे. कंपनीच्या बाजारात उपलब्ध शेअरांच्या एकूण किमतीनुसार तिचे वजन ठरते, त्यामुळे या निर्देशांकात साधारण तिसरा हिस्सा बँका आणि वित्तीय कंपन्यांचा असतो आणि एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक, रिलायन्स ही नावे वर्षानुवर्षे वरच्या ओळींत दिसतात. एका निफ्टी ५० ईटीएफसोबत बँक निफ्टीचाही ईटीएफ घेऊन आपली गुंतवणूक ‘विभागली’ असे समजणारे बरेच भेटतात. प्रत्यक्षात त्यांनी त्याच बँका दुसऱ्यांदा विकत घेतलेल्या असतात. तसेच निफ्टी ५० आणि सेन्सेक्स हे दोन्ही ठेवण्यात काही हशील नाही, कारण सेन्सेक्समधील तीस कंपन्या जवळजवळ सगळ्या निफ्टीतही आहेत.

क्रमवारीत ५१ ते १०० या जागांवरील कंपन्यांचा निफ्टी नेक्स्ट ५० हा पूरक म्हणून चांगला आहे, पण त्याचे चढ-उतार अधिक तीव्र असतात. गाभ्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाहून अधिक तो नवख्याने ठेवू नये, असे माझे मत आहे.

मोमेंटम (भाव चढत असलेले शेअर), व्हॅल्यू (मूल्याच्या मानाने स्वस्त शेअर), लो व्होलॅटिलिटी (कमी चढ-उताराचे शेअर) अशा नावांच्या निर्देशांकांचे आलेख फार देखणे असतात. ते पाहताना निर्देशांक कंपनीच्या संकेतस्थळावरील त्या निर्देशांकाचे माहितीपत्रक उघडावे आणि त्यात दोन तारखा शोधाव्यात : आधारभूत तारीख आणि निर्देशांक सुरू झाल्याची तारीख. आधारभूत तारीख २००५ ची आणि सुरुवात २०२० ची असेल, तर मधली पंधरा वर्षे कोणीही तो निर्देशांक प्रत्यक्षात चालवलेला नाही. जुन्या भावांवर नंतर गणित मांडून तो आलेख काढलेला आहे. आलेख देखणा निघाला म्हणूनच तो निर्देशांक बाजारात आला, हेही तितकेच खरे. संरक्षण, पर्यटन, विद्युत वाहने अशा विषयांवरील फंड तर त्या विषयाची चर्चा टिपेला पोहोचल्यावरच बहुधा येतात. निवृत्तीच्या पैशांत त्यांना जागा देण्याचे कारण मला दिसत नाही.

सोन्याचा प्रश्न मराठी घरात टाळता येत नाही. गोल्ड ईटीएफला घडणावळ नाही, मोडताना घट धरली जात नाही आणि लॉकरचे भाडेही नाही, त्यामुळे केवळ गुंतवणूक म्हणून सोने घ्यायचे असेल तर दागिन्यापेक्षा तो निर्विवाद बरा. घरात आधीच पाटल्या आणि वळी असतील, तर एकूण बचतीत सोन्याचा वाटा मोजताना तेही धरावेत. रोख्यांसाठी भारत बाँड ईटीएफसारखे ठराविक वर्षी मुदत संपणारे फंड आहेत. ते ‘एएए’, म्हणजे सर्वोच्च पत असलेल्या, सार्वजनिक कंपन्यांच्या रोख्यांत पैसे ठेवतात आणि मुदतीपर्यंत धरले तर त्यांचा परतावा बऱ्यापैकी आधी समजतो. मात्र १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या अशा युनिटांवरील नफा आपल्या करटप्प्याप्रमाणे करपात्र होतो, म्हणून वरच्या टप्प्यातील माणसासाठी त्यांची गोडी कमी झाली आहे.

एकाच निर्देशांकावरील फंडांतून एक निवडणे

निफ्टी ५० वर डझनभराहून अधिक ईटीएफ आहेत. आतील शेअर तेच, मग फरक कशात? एक फरक खर्चाच्या प्रमाणात, म्हणजे फंडघर दर वर्षी आपल्या रकमेतून कापत असलेल्या टक्केवारीत, असतो. दहा लाख रुपयांवर ०.०५ टक्के खर्च म्हणजे वर्षाला ५०० रुपये आणि ०.३० टक्के म्हणजे ३,००० रुपये. दीर्घ मुदतीत लहान फरकही साचत जातो. दरमहा १०,००० रुपये २५ वर्षे भरले आणि वार्षिक परतावा १० टक्के धरला, तर सुमारे १ कोटी ३३ लाख जमतात. तोच परतावा ९.५ टक्के झाला, तर सुमारे १ कोटी २२ लाख. अर्ध्या टक्क्याने जवळपास ११ लाख रुपये नेले.

परंतु खर्चाचे प्रमाण म्हणजे सगळा खर्च नव्हे. निर्देशांकात बदल झाला की फंडाला शेअर घ्यावे-विकावे लागतात, लाभांश येऊन तो पुन्हा गुंतवेपर्यंत थोडी रोकड पडून राहते, आणि या सगळ्यामुळे फंडाचा परतावा निर्देशांकाच्या मागे राहतो. वार्षिक परताव्यातील या फरकाला ‘ट्रॅकिंग डिफरन्स’ म्हणतात. सेबी या बाजार नियामकाच्या २०२२ च्या परिपत्रकानुसार प्रत्येक फंडघराला एक, तीन, पाच आणि दहा वर्षांचा हा फरक संकेतस्थळावर द्यावा लागतो. तो शोधावा आणि एकाच निर्देशांकावरील चार-पाच फंडांचा शेजारी शेजारी लिहून काढावा. तुलना लाभांशासह मोजलेल्या ‘टोटल रिटर्न’ निर्देशांकाशीच हवी. बातम्यांतील नुसत्या निफ्टीशी तुलना केली, तर बहुतेक फंड निर्देशांकावर मात करताना दिसतील, आणि ते दिसणे फसवे आहे.

युनिटचा भाव २८ रुपये आहे की २८० रुपये, याला निवडीत काहीच महत्त्व नाही. २८ रुपयांचा फंड ‘स्वस्त’ नसतो. त्याच्या एका युनिटमध्ये निर्देशांकाचा लहान तुकडा असतो, इतकेच. फार थोडी रक्कम दरमहा घालणाऱ्याला लहान तुकडा सोयीचा पडतो, कारण ईटीएफचे युनिट पूर्ण संख्येतच घ्यावे लागते.

यानंतर रोजची उलाढाल पाहावी, आणि ती एका दिवसाची न पाहता महिनाभराची पाहावी. एकच फंड राष्ट्रीय शेअर बाजार आणि मुंबई शेअर बाजार या दोन्हींवर नोंदलेला असतो. बहुतेक ईटीएफची मोठी उलाढाल राष्ट्रीय शेअर बाजारावर होते, तेव्हा ऑर्डर घालताना ॲपवर कोणता बाजार निवडला आहे, हे तपासावे.

भाव : जिथे खरे पैसे गळतात

म्युच्युअल फंडाच्या साध्या योजनेत आपल्याला त्या दिवसाची एनएव्ही, म्हणजे आतील मालमत्तेचे प्रति युनिट मूल्य, हाच भाव मिळतो. ईटीएफमध्ये समोरचा विक्रेता जो भाव मागेल तो मिळतो, आणि तो भाव आतील शेअरांच्या मूल्याइतका असेलच असे नाही. हे दोन आकडे जवळ राहावेत यासाठी फंडघर किमान दोन मार्केट मेकर, म्हणजे सतत खरेदी-विक्रीचे भाव देणारे मोठे व्यापारी, नेमते. युनिटचा भाव फार वर गेला, तर ते फंडाकडून नवे युनिट तयार करून घेतात आणि बाजारात विकतात. फार खाली आला, तर बाजारातून युनिट घेऊन फंडाला परत करतात. ही ये-जा सुरळीत चालते तोवर तफावत काही पैशांची असते. आपण मात्र थेट फंडघराकडे जाऊ शकत नाही, कारण सामान्य गुंतवणूकदारासाठी ती वाट २५ कोटी रुपयांहून मोठ्या व्यवहारालाच खुली आहे.

आतील मूल्य कळावे म्हणून बाजाराच्या वेळेत आय-एनएव्ही नावाचा आकडा सतत प्रसिद्ध होतो. शेअरांच्या ईटीएफबाबत तो फार तर १५ सेकंद मागे असतो. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या आणि फंडघराच्या संकेतस्थळावर तो दिसतो. खरेदीपूर्वी तो पाहण्याची सवय लावावी.

आता एक कल्पित, पण रोज दिसणारे उदाहरण घेऊ. एका मोठ्या निफ्टी ईटीएफचा आय-एनएव्ही २८१.४० रुपये आहे. ऑर्डरच्या पडद्यावर सर्वांत वरचा खरेदीदार २८१.३६ ला उभा आहे आणि पहिला विक्रेता २८१.४५ ला काही हजार युनिट घेऊन बसला आहे. इथे काळजी नाही. दुसऱ्या, कमी उलाढालीच्या फंडाचा आय-एनएव्ही ५२.६० आहे. खरेदीदार ५२.१० ला आहे, पहिला विक्रेता ५३.४० ला १५० युनिट देतो आणि त्यानंतरचा थेट ५४.२५ ला. आपण ३०० युनिटांची मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाने घेण्याची सूचना, टाकली, तर निम्मे ५३.४० ने आणि निम्मे ५४.२५ ने मिळतील, म्हणजे सरासरी ५३ रुपये ८२ पैशांच्या वर. जे १५,७८० रुपयांना मिळायला हवे होते, त्याला ३६७ रुपये अधिक मोजले गेले. हा दुसरा फंड ०.०२ टक्के स्वस्त आहे म्हणून निवडला असेल, तर वर्षाला वाचतात तीन रुपये. झालेले नुकसान भरून यायला शंभर वर्षेही पुरायची नाहीत!

म्हणून नियम साधा आहे : ईटीएफची खरेदी आणि विक्री नेहमी लिमिट ऑर्डरने, म्हणजे आपण ठरवलेल्या भावाच्या मर्यादेत, करावी आणि ती मर्यादा आय-एनएव्हीच्या अगदी लगत, खरेदीत फार तर काही पैसे वर आणि विक्रीत काही पैसे खाली ठेवावी. सकाळी ९.१५ ला बाजार उघडल्यावरची पहिली पंधरा-वीस मिनिटे आणि दुपारी ३.३० पूर्वीची शेवटची मिनिटे टाळावीत, कारण त्या वेळी आतील शेअरांचेच भाव स्थिर नसतात. लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्ताच्या सत्रात शुभशकुन म्हणून एखादे युनिट घेतले तर हरकत नाही, पण वर्षाची मोठी खरेदी त्या तासाभरात करू नये. अनेक ॲपवर ‘ईटीएफ एसआयपी’ची, म्हणजे ठरलेल्या दिवशी आपोआप खरेदीची, सोय असते. ती ठरल्या वेळी मार्केट ऑर्डर टाकते की लिमिट, हे आधी वाचून घ्यावे.

परदेशी निर्देशांकांच्या ईटीएफबाबत तर हा टप्पा सर्वांत निर्णायक ठरतो. भारतीय फंडांनी परदेशात किती डॉलर गुंतवावेत यावर एकूण मर्यादा आहे, आणि ती भरत आली की फंड नवे युनिट तयार करू शकत नाहीत. मागणी असते, पुरवठा नसतो आणि भाव एनएव्हीच्या वर चढतो. नॅसडॅक १०० सारख्या ईटीएफचे भाव या कारणाने एनएव्हीपेक्षा दहा टक्क्यांहून वर गेल्याचे बाजाराने पाहिले आहे. १२ टक्के चढ्या भावाने १ लाख रुपये घातले, तर हातात सुमारे ८९,३०० रुपयांचेच शेअर येतात, आणि उद्या मर्यादा वाढली तर तो वरचा भाव निर्देशांक न हलताही विरून जाऊ शकतो. चांदीतही २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये असेच झाले. देशात चांदीचा तुटवडा होता, ईटीएफचे भाव मूल्याच्या बरेच वर गेले आणि काही फंडघरांनी आपल्या चांदीच्या फंड ऑफ फंड्समध्ये (ईटीएफमध्येच पैसे गुंतवणाऱ्या फंडांत) एकरकमी रक्कम स्वीकारणे तात्पुरते थांबवले. अशा दिवसांत काही न घेणे, हाच योग्य व्यवहार.

हे सगळे दर महिन्याला पाहण्याची ज्यांची तयारी नाही, त्यांनी त्याच निर्देशांकाचा इंडेक्स फंड (त्याच निर्देशांकाची नक्कल करणारा साधा म्युच्युअल फंड) थेट योजनेतून, म्हणजे मध्यस्थाच्या कमिशनशिवाय, घ्यावा. खर्च किंचित जास्त असतो, पण एनएव्हीनेच युनिट मिळतात, अपूर्णांकातही मिळतात आणि डीमॅट लागत नाही. ईटीएफवरील लेखात हे लिहिणे काहींना विचित्र वाटेल, तरी माझ्या मते नोकरीत दिवसभर गुंतलेल्या माणसासाठी तोच पर्याय बहुधा अधिक सोयीचा आहे.

कर, वार्षिक तपासणी आणि शेवटची काही वर्षे

शेअरांचे ईटीएफ वर्षाहून अधिक काळ धरून विकले, तर एका आर्थिक वर्षातील १.२५ लाख रुपयांपर्यंतचा दीर्घकालीन नफा करमुक्त आहे आणि त्यावरील नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो. वर्षाच्या आत विकल्यास २० टक्के. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे आहेत. सोन्याच्या ईटीएफलाही बारा महिन्यांनंतर १२.५ टक्केच दर लागतो, पण १.२५ लाखांची सूट मिळत नाही. डीमॅटमधून विकताना जे युनिट आधी घेतले ते आधी विकले, असे धरले जाते.

वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये, एवढेच पाहावे : फंडाचा ट्रॅकिंग डिफरन्स वाढला आहे का, उलाढाल आटली आहे का, आणि शेअर, रोखे व सोने यांचे आपण ठरवलेले प्रमाण कितपत ढळले आहे. प्रमाण सुधारताना विक्री करण्यापेक्षा नवी बचत मागे पडलेल्या बाजूला वळवावी, म्हणजे कराचा प्रश्नच येत नाही.

निवृत्तीला पाच-सात वर्षे उरली की पहिल्या काही वर्षांच्या घरखर्चाइतकी रक्कम टप्प्याटप्प्याने शेअरांतून काढून मुदत ठेवीत किंवा रोख्यांत न्यावी. ही विक्री अनेक आर्थिक वर्षांत विभागली, तर दर वर्षीची १.२५ लाखांची सूट वापरता येते. ईटीएफमध्ये दरमहा आपोआप पैसे काढण्याची सोय नसते. प्रत्येक वेळी विक्रीची ऑर्डर स्वतः टाकावी लागते आणि दर विक्रीला डीमॅटचे ठराविक शुल्क कापले जाते. म्हणून महिन्याला न विकता वर्षातून एक-दोनदाच विकून ती रक्कम बचत खात्यात ठेवावी.

पती-पत्नींपैकी एकालाच ॲप चालवता येत असेल, तर नुसते नामांकन पुरेसे नाही. नॉमिनीला युनिट त्याच्या नावावरील डीमॅट खात्यातच मिळतात, तेव्हा ते खाते आत्ताच उघडून ठेवावे आणि आपल्या एकत्रित खाते विवरणाची एक छापील प्रत दर वर्षी घरच्या कागदपत्रांत लावावी.